दुखण्यावरच्या औषधाने साखर उतरवणारा डॉक्टर

मधुमेही माणसाच्या घरातील औषधांच्या डब्यात दोन गोळ्या बहुतेक वेळा शेजारी शेजारी असतात. एक मेटफॉर्मिन, साखर आटोक्यात ठेवणारी. दुसरी ॲस्पिरिन, कधी दुखण्यासाठी तर कधी हृदयासाठी दिलेली. दोघींची कामे वेगळी, पत्ता वेगळा. पण सुमारे दीडशे वर्षांपूर्वी, मेटफॉर्मिनचा शोधही लागला नव्हता तेव्हा, एका जर्मन डॉक्टरने ॲस्पिरिनच्याच कुळातील औषध मधुमेहाच्या रुग्णांना देऊन पाहिले आणि त्यांच्या लघवीतील साखर उतरली. त्या डॉक्टरचे नाव विल्हेल्म एबस्टाइन. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना हे नाव हृदयाच्या एका जन्मजात दोषामुळे पाठ असते. मधुमेहातील त्यांचे काम मात्र मागे पडले.

एबस्टाइन यांचा जन्म २७ नोव्हेंबर १८३६ रोजी सायलेशिया प्रांतातील याउअर या गावी, एका ज्यू कुटुंबात झाला. हा भाग तेव्हा प्रशियाच्या राज्यात होता. आज तो पोलंडमध्ये आहे आणि गावाला यावोर म्हणतात. वैद्यकीय शिक्षण ब्रेस्लाऊमध्ये सुरू झाले आणि बर्लिनमध्ये पूर्ण झाले. बर्लिनला त्या वेळी रुडॉल्फ फिर्खो शिकवत होते. आजार हा शरीरभर फिरणाऱ्या कुठल्या दोषांत नसून पेशींमध्ये असतो, हा विचार त्यांनी वैद्यकात रुजवला. एबस्टाइन यांच्यावर त्याचा ठसा आयुष्यभर राहिला. १८५९ मध्ये पदवी घेऊन ते ब्रेस्लाऊला परतले आणि तिथल्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात रुजू झाले. पुढे शहराच्या अनाथ-गरिबांच्या आश्रमाचे डॉक्टर म्हणूनही त्यांनी काम केले. म्हणजे उमेदीच्या काळातील त्यांचा बराचसा रुग्णवर्ग कष्टकरी आणि निराधार होता.

निळसर ओठांचा मजूर

१८६४ मध्ये त्या रुग्णालयात १९ वर्षांचा एक मजूर दाखल झाला. धाप लागत होती, छातीत धडधड होती, ओठ आणि त्वचा निळसर दिसत होती. हा त्रास त्याला लहानपणापासूनचा होता. काही दिवसांतच तो गेला. एबस्टाइन यांनी शवविच्छेदन केले. हृदयाच्या उजव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप तिच्या नेहमीच्या जागी नव्हती. तिची पाती खाली सरकून उजव्या जवनिकेच्या भिंतीला चिकटली होती. त्यांनी हे सारे बारकाईने नोंदवले, आकृत्या काढून घेतल्या आणि रुग्ण जिवंत असताना दिसलेल्या प्रत्येक लक्षणाचा त्या दोषाशी संबंध लावून दाखवला. १८६६ मध्ये हा लेख छापून आला, तेव्हा ते तिशीचेही नव्हते.

ना क्ष-किरण, ना ईसीजी, ना सोनोग्राफी. तरीही त्यांचे निदान इतके नेमके होते की आज इको तपासणीत जे दिसते ते त्यांच्या वर्णनाशी जुळते. पण त्या लेखाकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. त्यांचे नाव या दोषाला मिळाले तेव्हा त्यांना जाऊन पंधरा वर्षे झाली होती. महत्त्वाचे निरीक्षण करायचे, नेमके लिहून ठेवायचे आणि जगाने ते अनेक दशकांनी उचलायचे, हे एबस्टाइन यांच्या बाबतीत पुन्हा एकदा घडणार होते.

भुकेचा उपचार

१८७४ मध्ये गॉटिंगेन विद्यापीठाने त्यांना प्राध्यापक म्हणून बोलावले. पुढची सुमारे तीन दशके तेच त्यांचे कार्यक्षेत्र राहिले. आता त्यांचे लक्ष चयापचयाच्या आजारांकडे वळले: संधिवाताचा गाऊट हा प्रकार, लठ्ठपणा आणि मधुमेह.

त्या काळच्या मधुमेहाची आज कल्पना करणेही कठीण आहे. इन्सुलिन नव्हते. साखर उतरवणारी एकही खात्रीची गोळी नव्हती. रक्तातील साखर रोजच्या रोज मोजण्याची सोय नव्हती. लघवीत किती साखर जाते यावरच डॉक्टर अंदाज बांधत. मुलांना मधुमेह झाला की ती पाहता पाहता वाळत जात आणि बेशुद्धावस्थेत दगावत. प्रौढ रुग्ण काही वर्षे काढत; पण जखमा चिघळणे, क्षय, दृष्टी जाणे हे मागे लागलेलेच असे. उपचार म्हणजे पथ्य. धान्य, बटाटा, साखर बंद आणि मांस व चरबी यांवर भर. ते पाळताना रुग्ण आणखी खंगत. एखादे औषध मिळाले तर किती जीव वाचतील, हा प्रश्न प्रत्येक डॉक्टरपुढे होता.

आजार नेमका कुठे आहे याबद्दलही मतभेद होते. यकृत स्वतः साखर तयार करते, हे फ्रान्सच्या क्लोद बर्नार यांनी शतकाच्या मध्यावर दाखवून दिले होते. यकृतात साठवलेल्या ग्लायकोजेनचे साखरेत रूपांतर करणारा एखादा किण्वक पदार्थ असावा, अशी समजूत होती. तसे असेल तर त्या पदार्थाला अडवणारे औषध दिल्यास साखर कमी व्हायला हवी. एबस्टाइन यांनी रसायनतज्ज्ञ युलिउस म्युलर यांच्याबरोबर यकृतातील या किण्वकावर आम्लांचा आणि अल्कलींचा काय परिणाम होतो याचा अभ्यास केला. मधुमेहाच्या रुग्णांवर आधी कार्बोलिक आम्ल वापरून पाहिले. मग त्यांची नजर एका नव्या पदार्थावर गेली.

विलोच्या सालीपासून कारखान्यापर्यंत

हा पदार्थ म्हणजे सॅलिसिलिक आम्ल. त्याची मुळे जुन्या झाडपाल्याच्या औषधांत होती. विलो झाडाच्या सालीने ताप उतरतो, हे इंग्लंडमधील एडवर्ड स्टोन या धर्मगुरूंनी १७६३ मध्ये रॉयल सोसायटीला कळवले होते. १८२८ मध्ये म्युनिकच्या योहान बुखनर यांनी सालीतून कडू सॅलिसिन वेगळे काढले. १८७४ मध्ये हेर्मान कोल्बे यांच्या पद्धतीमुळे सॅलिसिलिक आम्ल कारखान्यात तयार होऊ लागले आणि ते पूर्वीपेक्षा खूप स्वस्त झाले. ते आंबण्याची आणि कुजण्याची क्रिया रोखते असे दिसले होते. त्यामुळे डॉक्टर ते अनेक आजारांत देऊन पाहू लागले. १८७६ मध्ये स्कॉटलंडमधील डंडीचे थॉमस मॅकलॅगन यांनी सॅलिसिन आणि बर्लिनचे फ्रान्झ स्ट्रिकर यांनी सॅलिसिलिक आम्ल सांधेतापावर वापरून सुजलेले सांधे मोकळे होतात हे दाखवले. दुखण्यावरचे आधुनिक औषध जन्माला आले ते त्याच वर्षी, असे म्हणायला हरकत नाही.

आणि त्याच १८७६ मध्ये एबस्टाइन यांनी बर्लिनच्या एका वैद्यकीय साप्ताहिकात मधुमेहावर सोडियम सॅलिसिलेट दिल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. हे त्याच आम्लाचे पोटाला थोडे सोसणारे क्षाररूप. मोठ्या मात्रेत ते दिल्यावर काही रुग्णांच्या लघवीतील साखर पुष्कळ कमी झाली, तहान आणि वारंवार लघवीचा त्रासही घटला. सर्वच रुग्णांत असे झाले नाही. ज्यांना आज टाइप टू म्हटले जाते अशा, वयस्क आणि सौम्य मधुमेहाच्या रुग्णांत असे औषध लागू पडण्याची शक्यता जास्त होती. पण तेव्हा मधुमेहाचे दोन प्रकार वेगळे ओळखले जात नव्हते.

निरीक्षण खरे होते. त्यामागचा तर्क मात्र पुढे टिकला नाही. औषध दिवसाला कित्येक ग्रॅम द्यावे लागे. एवढ्या मात्रेत कानांत गुणगुणे येते, ऐकू कमी होते, मळमळ आणि उलट्या होतात, पोटात जळजळते. आयुष्यभर चालणाऱ्या आजारात हे औषध किती दिवस घ्यायचे? औषध थांबले की साखर परत यायची. १९०१ मध्ये मँचेस्टरचे रिचर्ड विल्यमसन यांनीही सॅलिसिलेटमुळे लघवीतील साखर घटत असल्याची नोंद केली. तरीही हा उपचार रुळला नाही.

तीन आजारांची एक मुळी

एबस्टाइन थांबले नाहीत. लठ्ठपणावरचे त्यांचे पुस्तक १८८२ मध्ये आले आणि खूप गाजले. साखर आणि पिष्टमय पदार्थ कमी करा, पण चरबीला घाबरू नका, कारण तिने पोट लवकर भरते, असा त्यांचा सल्ला होता. आज ज्याला लो-कार्ब आहार म्हणतात त्याच्याशी हे बरेच जुळते. मधुमेहाने गेलेल्या रुग्णांच्या मूत्रपिंडांत साखरेमुळे होणारे बदल त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. इटलीच्या लुचानो आर्मानी यांनीही ते पाहिले होते. म्हणून आजही शवविच्छेदनात त्या बदलांना या दोघांचे नाव आहे. हॉजकिनच्या आजारात चढ-उतार होणाऱ्या तापालाही त्यांचे नाव चिकटले आहे.

१९०२ मध्ये त्यांनी गाऊट, लठ्ठपणा आणि मधुमेह हे तिन्ही पेशींच्या चयापचयाचे आनुवंशिक आजार असून एकमेकांचे नातेवाईक आहेत, अशी मांडणी केली. सुटलेले पोट, वाढलेली साखर आणि वाढलेले युरिक ॲसिड एकाच माणसात आणि एकाच घराण्यात का आढळते, हा प्रश्न आज डॉक्टरांना रोज भेडसावतो. त्याचा धागा त्यांनी तेव्हाच पकडला होता. उतारवयात त्यांनी बायबल आणि तालमूद या धर्मग्रंथांतील वैद्यकावरही पुस्तके लिहिली.

२२ ऑक्टोबर १९१२ रोजी गॉटिंगेन येथे त्यांचे निधन झाले. त्याआधी, १८९७ मध्ये, बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन यांनी शुद्ध ॲसिटिलसॅलिसिलिक आम्ल तयार केले होते आणि १८९९ पासून ते ॲस्पिरिन या नावाने जगभर पसरत होते. त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांच्या आत टोरांटोमध्ये इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन एका मुलाला दिले गेले. सॅलिसिलेटचा विषय तिथेच संपला, असे सर्वांना वाटले.

१९५७: दोन वाटा, एकच वर्ष

तो संपला नव्हता. १९५७ मध्ये ग्लासगोच्या डॉक्टरांनी एक विलक्षण अनुभव प्रसिद्ध केला. इन्सुलिनवर असलेल्या एका रुग्णाला सांधेतापासाठी भरपूर ॲस्पिरिन दिले गेले, तेव्हा त्याला इन्सुलिनची गरजच उरली नाही. सांधे बरे झाले, ॲस्पिरिन थांबले आणि साखर पुन्हा वाढली. मग त्यांनी आणखी काही रुग्णांवर दोन आठवडे ॲस्पिरिन वापरून पाहिले. त्यांच्यातही साखर उतरली. एबस्टाइन यांनी ८१ वर्षांपूर्वी पाहिलेलेच पुन्हा दिसले होते.

नेमक्या त्याच वर्षी पॅरिसचे डॉक्टर झाँ स्टेर्न यांनी मेटफॉर्मिन मधुमेहावर वापरल्याचा पहिला अहवाल दिला. त्याची मुळेही झाडपाल्यातच होती. गलेगा ऑफिसिनालिस या युरोपातील वनस्पतीत ग्वानिडीन जातीचे, साखर उतरवणारे द्रव्य असते. त्याचे जवळचे रासायनिक भावंड असलेले मेटफॉर्मिन १९२२ मध्ये प्रयोगशाळेत बनले होते, पण ते तसेच पडून राहिले होते.

शर्यतीत कोण जिंकले हे उघड आहे. मेटफॉर्मिन एचबीएवनसी म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर साधारण एक ते दीड टक्क्याने उतरवते, वजन वाढवत नाही आणि एकटे घेतले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत सहसा खाली नेत नाही. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील मोठ्या अभ्यासात स्थूल मधुमेहींमध्ये मेटफॉर्मिनने मृत्यूंचे प्रमाण घटल्याचे दिसले. दुसरीकडे, २००२ मधील एका अमेरिकी अभ्यासात टाइप टू मधुमेहाच्या नऊ रुग्णांना दिवसाला सुमारे ७ ग्रॅम ॲस्पिरिन दोन आठवडे दिले, तेव्हा उपाशीपोटीची साखर सुमारे २५ टक्क्यांनी उतरली. पण ७ ग्रॅम म्हणजे हृदयासाठी दिल्या जाणाऱ्या ७५ मिलिग्रॅमच्या नव्वदहून अधिक गोळ्या! इतके ॲस्पिरिन रोज घेणाऱ्याच्या जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका मोठा आहे.

म्हणून संशोधकांनी सॅलसॅलेट हे सॅलिसिलेट कुळातील, रक्तस्रावाचा धोका कमी असलेले जुने औषध निवडले. २०१३ मध्ये त्याच्या ४८ आठवड्यांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. दिवसाला साडेतीन ग्रॅमपर्यंत औषध देऊनही एचबीएवनसी प्लासिबोच्या तुलनेत फक्त ०.३७ टक्क्याने कमी झाले. शिवाय घातक कोलेस्टेरॉल वाढले, लघवीतील प्रथिन वाढले आणि वजनही थोडे वाढले. परिणाम खरा, पण मेटफॉर्मिनच्या तुलनेत किरकोळ आणि महागात पडणारा.

हा परिणाम होतो तरी कसा? वेदना थांबवताना ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिन तयार होणे अडवते, हे १९७१ मध्ये जॉन व्हेन यांनी दाखवले. साखरेचा मार्ग वेगळा आहे. लठ्ठपणात शरीरात सौम्य दाह सतत धुमसत असतो आणि तो इन्सुलिनचे काम बिघडवतो. मोठ्या मात्रेतील सॅलिसिलेट त्या दाहाची साखळी तोडते. याशिवाय पेशीत एएमपीके नावाचे एक विकर असते. पेशीतील इंधनाचा काटाच म्हणा. इंधन कमी पडते आहे असे दिसले की ते साखर आणि चरबी साठवणे थांबवून त्या जाळण्याचा आदेश देते. मेटफॉर्मिन हे विकर आडवाटेने जागे करते, असे २००१ पासून माहीत होते. २०१२ मध्ये सॅलिसिलेट त्याच विकराला थेट चिकटून त्याला जागे करते असे आढळले. हे काम करणाऱ्यांत डंडी विद्यापीठातील शास्त्रज्ञ होते. १८७६ मध्ये मॅकलॅगन यांनी सॅलिसिन वापरले ते याच गावी. मेटफॉर्मिनचा मुख्य परिणाम यकृत साखर तयार करते त्या क्रियेवर होतो. एबस्टाइन यांचा किण्वक चुकीचा निघाला, पण औषधाने गाठायचे ठिकाण म्हणून त्यांनी यकृताकडे बोट दाखवले होते, ते वाया गेले नाही.

डब्यातील दोन गोळ्या

या कथेतून आजच्या मधुमेहीने काय घ्यावे? पहिली गोष्ट, ॲस्पिरिन हे मधुमेहाचे औषध नाही. ७५ मिलिग्रॅमच्या गोळीने साखरेवर काही फरक पडत नाही. ती रक्ताच्या गुठळ्या रोखण्यासाठी असते. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा स्टेंट झालेल्यांना ती सहसा लागतेच आणि ती स्वतःहून बंद करू नये. पण असे काही न झालेल्या मधुमेहींनी शेजारी घेतो म्हणून ती सुरू करू नये. ब्रिटनमधील १५ हजारांहून अधिक मधुमेहींवरच्या २०१८ च्या अभ्यासात ॲस्पिरिनने हृदय व रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटना १२ टक्क्यांनी घटल्या, पण मोठे रक्तस्राव २९ टक्क्यांनी वाढले. कुणाला द्यायची हे डॉक्टरच ठरवतील.

दुसरी गोष्ट, मेटफॉर्मिन घेणाऱ्याने गुडघे-कंबर दुखते म्हणून मेडिकलमधून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आणून आठवडेच्या आठवडे घेऊ नये. या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. मूत्रपिंड मंदावले की मेटफॉर्मिन शरीरात साठते आणि क्वचित रक्तात लॅक्टिक आम्ल वाढून जिवावर बेतू शकते. जुलाब-उलट्या झाल्या, पाणी कमी पडले, तर हा धोका आणखी वाढतो. अशा वेळी मेटफॉर्मिन काही दिवस थांबवायचे का, ते लगेच डॉक्टरांना विचारावे. वर्षातून एकदा तरी क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिन तपासून घ्यावे.

तिसरी गोष्ट, साध्या दुखण्याला किंवा तापाला बहुतेक मधुमेहींसाठी ठरलेल्या मात्रेतील पॅरासिटामॉल अधिक सुरक्षित. पावसाळ्यात ताप आला आणि डेंग्यूची शंका असली, तर ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन दोन्ही टाळावीत. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल, तर तापात ती घ्यायची की नाही हे त्याच दिवशी विचारून घ्यावे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याने मोठ्या मात्रेत ॲस्पिरिन घेतले तर साखर एकदम उतरू शकते. घाम, थरथर, गोंधळ अशी लक्षणे दिसली तर आधी साखर किंवा ग्लुकोज घ्यावे आणि मग साखर तपासावी.

एबस्टाइन यांच्याकडे साखर मोजायला लघवीची नळी होती आणि हाताशी एक कडू पांढरी भुकटी. तेवढ्यावर त्यांना जे दिसले त्याचा पेशीतला धागा सापडायला १३६ वर्षे लागली. त्यांच्या रुग्णांपुढे कानात सतत गुणगुणे किंवा भुकेचे पथ्य, एवढेच पर्याय होते. आज सरकारी दवाखान्यात मेटफॉर्मिन मोफत मिळते. तिच्या शेजारी डब्यात दुसरी कोणती गोळी ठेवली आहे, तेवढे मात्र पुढच्या खेपेला डॉक्टरांना दाखवावे.